शेजारणीचा शब्द

इरा,

आपला वाद अजून मिटलेला नाही, आणि आता त्यातली तुझी बाजूही मलाच मांडावी लागते आहे. तू गेल्यापासून मी ते करून पाहतो आहे. ट्राममध्ये खिडकीशी बसलो की मनातल्या मनात तुझा एखादा मुद्दा मांडतो, त्याला माझे उत्तर देतो, आणि दर वेळी मीच जिंकतो. काल उतरायचे स्थानक मागे पडले तेव्हा ध्यानात आले की मी तुझ्या मुद्द्यांच्या कडा घासून ते मांडतो आहे. तू असतीस तर तिथल्या तिथे पकडले असतेस: "दादा, तुम्ही माझ्या तोंडी तुमचीच वाक्यं घालताय. चीटिंग आहे ही." म्हणून लिहायला बसलो. लिहिताना तरी तुझे बोलणे तुझ्याच धारेने उतरावे, अशी खटपट करतो आहे. कितपत साधेल, ठाऊक नाही.

मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा घेतली. हॅनोव्हरमधली मराठी माणसे एका खोलीत जमून इतकी गप्प बसलेली मी प्रथमच पाहिली. वोल्फ्सबुर्गहूनही काही जण आले होते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना पत्त्याची नोंदणी करायला तू स्वतः कचेरीत घेऊन जायचीस आणि रांगेत उभ्याउभ्या त्यांच्याकडून जर्मन वाक्ये घोकून घ्यायचीस, हे एकीने सांगितले आणि सांगता सांगता ती खाली बसली. मला सहकारी म्हणून बोलायला लावले. मी चार वाक्ये बोललो. ती सगळी खरी होती, आणि त्यांतले एकही तुझ्यामाझ्याविषयी नव्हते. परतताना गाडीत सुनंदा म्हणाली, "आज तुम्ही तिला शिफारसपत्र दिलंत." माझी पत्नी तुझ्यावर माझ्याहून मोकळेपणाने माया करत होती. तिला तसे बोलण्याचा अधिकार होता.

तुझे काम काय होते, हे त्या सभेत कोणालाच नीट सांगता आले नाही. कॅरिबियन समुद्रातल्या छोट्या बेटांवरच्या छोट्या दुकानदारांसाठी आपले कार्यालय एक ॲप तयार करत होते. रोजची विक्री, मालाची आवक, गिऱ्हाइकांची नावे, सगळे मोबाइलवर नोंदवायचे आणि ते इथे जर्मनीतल्या सर्व्हरवर सुखरूप राहायचे. तिकडे चक्रीवादळ आले की दुकानाच्या छपराबरोबर कागदही उडून जातात. मग आपले दुकान होते, ते चालत होते, हेसुद्धा दुकानदाराला कोणापुढे सिद्ध करता येत नाही. मदत मिळत नाही, कर्जही मिळत नाही. निदान नोंदी तरी वाचाव्यात, एवढाच आपला हेतू होता. तू बेटावर जाऊन दुकानादुकानांतून बसायचीस, लोकांना शिकवायचीस, त्यांच्याकडून शिकायचीस. मी कधीच गेलो नाही. कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणे माझे काम होते, आणि ते मी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून करत होतो.

आपली ओळख झाली तीही एका नकारावरूनच. तुझ्या कसल्याशा विनंतीला मी जर्मनमधून, अगदी रीतसर उत्तर पाठवले होते. तू दोन मजले चढून आलीस. दारावरची माझी पाटी वाचलीस आणि थेट मराठीत म्हणालीस, "मी नाशिकची. तुम्हाला दादा म्हणू का? सर म्हटलं की नीट भांडता येत नाही."

मी होय म्हटले. माझ्या हातून तुला मिळालेला तो बहुधा शेवटचा सरळ होकार असेल.

बेटावरून पहिल्यांदा परत आलीस तेव्हा नारळाचा एक जड, गोडसर पाव घेऊन आली होतीस. मिस अ‍ॅग्नेसच्या बेकरीतला. ही बाई पुढे आपल्या प्रत्येक बोलण्यात येणार होती, आणि माझ्या मनात तिची ओळख अजूनही त्या पावाच्या चवीपासूनच सुरू होते. कँटीनमध्ये तू त्याचे तुकडे केलेस आणि मला एक कोडे घातलेस.

"आल्झो, तर मग, दादा. वादळ आलं. मिस अ‍ॅग्नेसचा फोन समुद्रात गेला. सिम गेलं. आता ती नव्या फोनवरून आत शिरायला बघते. तुमची सिस्टिम काय करते?"

"तिच्या नंबरवर कोड पाठवते."

"कुठल्या नंबरवर?"

"नोंदवलेल्या."

"म्हणजे समुद्रात."

मी म्हटले, अशा वेळी ओळखपत्र दाखवून नंबर बदलता येतो. तू म्हणालीस, ओळखपत्र छपराबरोबर गेले. आणि नवे काढले तरी काय, ते सिम तिच्या पुतण्याच्या नावावर आहे आणि पुतण्या केव्हाच परदेशी निघून गेला आहे. तिथे निम्म्या दुकानांत हीच तऱ्हा आहे. मग पावाचा चुरा बोटाने गोळा करत तू तुझा उपाय सांगितलास. त्या बायकांत एक चाल आहे, तिला सूसू म्हणतात. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरावीक पैसे टाकायचे, आणि पाळीपाळीने एकेकीने सगळी रक्कम उचलायची. "आपली भिशीच हो, दादा! माझ्या आईची भिशी आणि मिस अ‍ॅग्नेसची सूसू, एका बाकावर बसवली तर दोघींना काही वेगळं वाटणार नाही." लेखी काही नसते आणि बुडवून कोणी जात नाही, कारण रोज एकमेकींची तोंडे बघायची असतात. तुझे म्हणणे असे होते की प्रत्येक दुकानदाराने आपल्या भिशीतली दोन माणसे आधीच नेमून ठेवावीत. सगळे वाहून गेले, तर त्या दोघांनी सांगावे की हीच ती. एवढ्यावर दार उघडावे.

मी म्हणालो, "शेजारणीचा शब्द हा पुरावा होत नाही, इरा."

"का नाही?"

"कारण शेजारणीला फसवता येतं. फोडता येतं. घाबरवता येतं."

आज इथे मला प्रामाणिक राहायचे आहे, म्हणून सांगतो की माझी भीती बनावट नव्हती. ते तूच सिद्ध केलेस. दुसऱ्या फेरीनंतर तू माझ्या खोलीत येऊन खुर्चीत धपकन बसलीस आणि म्हणालीस, "दादा, तुमच्या बाजूचा एक मुद्दा घेऊन आलेय." एका म्हाताऱ्या बाईच्या जावयाने दोन मित्रांना हाताशी धरून तिचे टपरीवजा दुकान आपल्या नावावर करून घेतले होते. शेजाऱ्यांचा शब्दच तिथे विकला गेला होता. हे तू मला सांगायची काहीच गरज नव्हती. माझ्या हाती शस्त्र दिलेस आणि वर म्हणालीस, "वापरा. पण वापरून झाल्यावर मला सांगा की बाकीच्या शंभर जणींचं काय करायचं." मी ते शस्त्र पुढच्याच बैठकीत वापरले. बाकीच्यांचे काय करायचे, ते तुला कधी सांगितले नाही.

तू एकदा मला म्हणाली होतीस की माझ्याशी भांडणे फार अवघड आहे, कारण मी आवाज चढवत नाही. "समोरचा ओरडला की आपल्यालाही ओरडता येतं. तुम्ही इतकं हळू बोलता की मीच आक्रस्ताळी ठरते." त्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला आली होतीस. सुनंदा ताटात वरण वाढता वाढता म्हणाली, "ह्यांचा नकार असाच असतो गं, ह्या वरणासारखा. मऊ. गिळल्यावर कळतं की हे 'नाही' होतं." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मीही हसलो. माझ्या सौम्य स्वभावाची आयुष्यभर सर्वांनी वाखाणणी केली आहे. त्या सौम्यपणामागे मी किती दारे हलक्या हाताने लावून घेतली, याचा हिशेब करायला मला तुझे जाणे लागावे, याची लाज वाटते.

तुझा उपाय समितीपुढे आला तेव्हा मी त्याला विरोधही केला नाही. "कल्पना मोलाची आहे, पुढच्या टप्प्यात विचार करू," असे म्हणालो. सगळ्यांना हायसे वाटले. फक्त तू माझ्याकडे पाहत राहिलीस.

पुढचा टप्पा येण्याआधी वादळ आले.

त्याविषयी मी काय लिहावे? मी ते नकाशावर पाहिले. तू त्या आठवड्यात फोन कानाला लावून जिन्यात, स्वयंपाकघरात, पार्किंगमध्ये कुठेही उभी असायचीस, आणि पलीकडून नुसती शांतता असायची. मग एकेक आवाज येऊ लागले. मिस अ‍ॅग्नेस जिवंत होत्या. विटांचा ओव्हन शाबूत होता. छप्पर, काउंटर, पिठाची पोती, फोन, काहीच उरले नव्हते.

आपल्या बैठकीत मी उभा राहून सांगितले की सर्व्हरवरची एकही नोंद हरवलेली नाही. ते खरे होते. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दाद म्हणून टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. त्या आवाजाने मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. तू टकटक केली नाहीस. आवाज थांबेपर्यंत वाट पाहिलीस आणि जर्मनमध्ये, अगदी माझ्याइतक्याच हळू आवाजात म्हणालीस, "गेनाऊ, अगदी बरोबर. सगळं आत सुखरूप आहे. आणि मिस अ‍ॅग्नेस बाहेर उभ्या आहेत. त्यांचं अहवालात काय लिहायचं?"

तिकडच्या सरकारने लहान दुकानांसाठी मदत जाहीर केली होती. आधीच्या वर्षीची विक्री दाखवायची आणि रक्कम घ्यायची. मुदत थोडी होती. ती सगळी विक्री आपल्याकडे होती, पैन्‌पैची. तू माझ्या खोलीत आलीस आणि दार लावून घेतलेस. "दादा, तुम्ही आतून काढू शकता. एका माणसाचं रेकॉर्ड. मी त्यांना पाठवते. कोणालाही कळणार नाही."

"कळण्याचा प्रश्न नाही. एकदा अपवाद केला की…"

"की काय? काय होतं एकदा अपवाद केला की? तुमच्या बाबतीत कधी झालंय का?"

मी म्हटले, "ज्याची ओळख पटली नाही त्याच्या हाती मी दुसऱ्या कोणाचा हिशेब देऊ शकत नाही."

"मला पटलीय ना ओळख! मी बसलेय त्या ओव्हनसमोर. मला त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं माहीत आहे, दादा. त्या फोनवर खोकल्या तरी मी सांगेन की हीच ती."

मी ती नोंद काढली नाही. मुदत उलटली. तू माझ्याशी बोलणे टाकले नाहीस, आणि यासाठी मी तुझा जन्माचा ऋणी आहे. पण कधी कधी वाटते, टाकले असतेस तर मी तरी लवकर हललो असतो. तू मात्र दुसरा मार्ग शोधलास. तिथली पतपेढी बेकरीसाठी कर्ज देऊ करत होती. तिलाही जुनी विक्री पाहायची होती, पण ती थांबायला तयार होती. "पुढचा वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत छप्पर पडलं पाहिजे," तू म्हणालीस. "आता तुमचा पुढचा टप्पा घ्या हातात." मी घेतला. माझ्या पद्धतीने. कायदेशीर सल्ला, धोक्यांची तपासणी, मग पुन्हा एक बैठक.

याच सुमारास तुझ्या आजाराचे निदान झाले.

इस्पितळात मी येत होतो ते सहसा सुनंदाबरोबर. एकटा आलो त्या दिवशी तू उशीला टेकून बसली होतीस आणि पहिला प्रश्न विचारलास, "झालं का?"

"प्रक्रिया चालू आहे."

तू हसलीस. "हे वाक्य माझ्या डॉक्टरांचंही आहे."

 मग तू मला एक काम सांगितलेस. बोलताना तुला धाप लागू लागली होती आणि मिस अ‍ॅग्नेसना बरेच दिवस फोन झाला नव्हता. "त्यांना वाटेल मी तोंड चुकवतेय. तुम्ही एकदा करा ना फोन. मला बरं नाही एवढंच सांगा. आणि सांगा की होतंय काम." मी हो म्हटले. घरी येऊन नंबर लिहून ठेवला. सकाळी केला तर तिकडे पहाट, संध्याकाळी केला तर त्यांची जेवणाची वेळ. मला वेळा पुष्कळ ठाऊक होत्या. खरे कारण हे होते की त्या बाईने मला विचारले असते, 'काम का अडलं?', आणि त्याचे उत्तर मीच होतो.

पुढच्या भेटीत तू विचारलेस, "केला फोन?" मी म्हणालो, "या आठवड्यात करतो." तू डोळे मिटून म्हणालीस, "खोटं बोलताना तुमचा आवाज अजून मऊ होतो, दादा." त्यात राग नव्हता. तू थकली होतीस. सुनंदाने पाठवलेली खिचडी तू चमच्याने नुसती हलवलीस आणि मला म्हणालीस, वहिनींना सांगा संपवली. तेवढा निरोप मात्र मी पोहोचवला.

तुझी आई नाशिकहून आली होती ती शेवटपर्यंत तुझ्याजवळ होती. हे तुला ठाऊक आहे की नाही, शेवटच्या दिवसांत कळत नव्हते, म्हणून सांगतो. दहनानंतर मी त्यांना घेऊन अंत्यसंस्काराच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी फार आदराने सांगितले की रक्षा कुठे विसर्जित होणार याचा कागद आल्याशिवाय कलश नातेवाइकांच्या हाती देता येत नाही. नियम तसा आहे. हे वाक्य तुझ्या आईसाठी मीच मराठीत केले. ज्या आवाजात मी तुला इतकी वर्षे नियम सांगितले, त्याच आवाजात तुझ्या आईला सांगत होतो. वाटले, आता त्या रडतील, किंवा विचारतील की मी तिची आई आहे, एवढे पुरत नाही का. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. उद्या कोणीही येऊन नेईल. माझी मुलगी कोणाच्याही हातात नको जायला. आपण कागद आणू."

इरा, आयुष्यभर मी हेच सांगत होतो. ते इतक्या शुद्ध रूपात मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळाले नव्हते. आणि त्या क्षणी त्याचा मला काडीचाही आधार वाटला नाही. नियम त्या बाईंच्या टेबलावरही होता, माझ्याही टेबलावर होता. त्यांनी मात्र दुपारभर स्वतः फोन करून, वकिलातीत कोणाला गाठायचे ते शोधून, आम्हाला कागदाच्या वाटेला लावले. नियम पाळणाऱ्या माणसाला इतके हातपाय हलवता येतात, हे मी मुकाट्याने पाहत बसलो. कागद आला. तुझी आई तुला घेऊन गोदावरीकडे गेली.

त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत तुझा उपाय मंजूर झाला. चर्चाही झाली नाही. कोणी तरी सुचवले की त्याला तुझे नाव द्यावे. मी नको म्हटले. तुला ते आवडले नसते, असे कारण दिले. खरे तर रोज ते नाव पडद्यावर वाचण्याची माझी तयारी नव्हती. मसुदा मीच लिहिला होता आणि त्यात, नेहमीच्या काळजीपोटी, एक कलम घातले होते: ज्यांनी वादळापूर्वी आपली दोन माणसे नेमलेली नाहीत, त्यांची ओळख कार्यालयातल्या अशा व्यक्तीने पटवावी जी त्यांना प्रत्यक्ष भेटली आहे. लिहिताना ते मला उदार वाटले होते.

मग परवा मी फोन केला. आधी कोंबडा ऐकू आला, मग रेडिओ, मग एक खर्जातला आवाज. मी कार्यालयाचे नाव सांगितले. पलीकडून उत्तर आले, "वादळानंतर पुष्कळ जण फोन करतात. सगळ्यांना माझा नंबर हवा असतो, जन्मतारीख हवी असते. तुम्हाला काय हवंय?"

"काही नको. मी इराबरोबर काम करत होतो."

"इराबरोबर पुष्कळ जण काम करत असतील. नाव?"

नाव सांगितले. ते त्यांच्या ओळखीचे नव्हते. मला दुसरे काही सुचेना, म्हणून म्हणालो, "ती मला दादा म्हणायची."

रेडिओ बंद झाला. "अच्छा, दादा. 'नाही' म्हणणारे."

"हो."

"ती म्हणायची, माणूस वाईट नाहीये, फक्त हळू आहे." त्या जराशा हसल्या. "कुठंय ती? रागावलीय का माझ्यावर?"

मी सांगितले. जे काम तू मला जिवंतपणी दिले होतेस, ते असे झाले. त्यांनी फोनवर हात ठेवला; दुसऱ्या कोणा बाईचा आवाज मोठ्याने 'देवा, देवा' म्हणताना ऐकू आला. हात काढल्यावर मिस अ‍ॅग्नेसनी विचारले, तुझी आई जवळ होती का. होती, म्हटले. तुला वेदना झाल्या का. झाल्या, म्हटले. इथे मऊ आवाजात काही बोलणे मला जमले नाही.

मग मी घाईघाईने सांगू लागलो की आता नियम बदलला आहे, पतपेढीला पाहिजे ते सगळे देता येईल, मोसमाला अजून अवकाश आहे, फक्त आमच्याकडच्या कोणी तरी, जे तुम्हाला भेटले आहे… आणि तिथे मला कळले, इरा. आपल्या सबंध कार्यालयात मिस अ‍ॅग्नेसना भेटलेली व्यक्ती एकच होती.

मी म्हटले, मी स्वतः येतो. तिकीट काढतो.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "मला बेकरी नकोय आता. छप्पर गेलं त्याच आठवड्यात माझं मन उडालं होतं. गुडघे साथ देत नाहीत. पण ती पोरगी फोन करायची आणि म्हणायची, होतंय, मिस अ‍ॅग्नेस, होतंय. एवढं मनापासून. तिला कसं सांगू? म्हणून मी हो हो म्हणत राहिले."

 तू त्यांच्यासाठी तग धरून होतीस, आणि त्या तुझ्यासाठी.

"एक करा," त्या म्हणाल्या. "माझं जे काही तुमच्याकडे आहे ते पुसून टाका. माझ्या पावाचा हिशेब परक्या देशात कशाला पडून राहावा, जिथं मलाच जाता येत नाही? पुसायलाही कागद लागतो का तुम्हाला? ही हिल्डा इथं बसलीय, शेजारीण. विचारा तिला."

फोन दुसऱ्या हातात गेला. "हीच अ‍ॅग्नेस आहे," तो आवाज म्हणाला. "जन्मापासून ओळखते. उसना घेतलेला ट्रे अजून परत केलेला नाही तिनं." मागून मिस अ‍ॅग्नेस काहीतरी फणकारल्या.

मी हिल्डाबाईंना म्हणालो, "पुरतं एवढं."

आज सकाळी कार्यालयात सर्वांच्या आधी पोहोचलो आणि ते खाते बंद केले. बंद करण्यापूर्वी मी आतल्या नोंदी पाहिल्या नाहीत. तो अधिकार मला नव्हता. शेवटी पडद्यावर एक रकाना येतो, तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून ओळख कोणी पटवली? मी तिथे तुझे नाव लिहिले.